'ए' अक्षरातला बैल आणि 'एल' अक्षरातली पराणी



आज खत-बियाण्याचा विषय थोडा बाजूला ठेवू. घरातल्या शाळकरी मुलाची पाटी मागून घ्या आणि त्याला तिच्यावर इंग्रजी पहिल्या लिपीतला, म्हणजे मोठा 'ए' काढायला सांगा. आता पाटी उलटी धरा, वरची बाजू खाली. काय दिसते? दोन शिंगे वर उभी आहेत, खाली निमुळते तोंड आहे आणि शिंगांच्या बुडाशी एक आडवी रेघ आहे. तुम्ही-आम्ही जन्मभर बैलांत वावरलेली माणसे. आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ते बैलाचे डोके आहे.

ही माझ्या मनची कल्पना नव्हे. साऱ्या जगात इंग्रजीबरोबर पोचलेले हे अक्षर सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी खरोखरच बैलाचे डोके म्हणून काढले गेले. ते ज्यांनी काढले ते पंडित नव्हते. डोंगरात खाणकाम करणारी परमुलखातली माणसे होती. ही हकीकत मोठी रंजक आहे. तिच्याभोवती पुष्कळ भाकडकथाही जमल्या आहेत आणि त्यांपायी काही भोळ्या माणसांचे पैसे गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून खरे किती आणि जोडलेले किती, हे एकदा नीट पाहू.

गोष्टीची सुरुवात इजिप्त देशात होते. नाईल नदीच्या काठचा हा देश मुळात शेतकऱ्यांचाच. दरसाल नदीला पूर यायचा, गाळ शेतात बसायचा आणि पूर ओसरला की त्या गाळात गहू, जव, जवस पेरायचे. पुराने बांध पुसले जात, तेव्हा दोरी धरून शेते पुन्हा मोजावी लागत. बांधावरून होणारी भांडणे ही काही आपल्याच गावची मिरास नाही! अशा देशाला मोजणी आणि नोंद यांची गरज लवकर पडली. तिथे चित्रलिपी पाच हजार वर्षांपूर्वी वापरात होती.

ही लिपी माणसाने केली असे इजिप्तचे लोक मानत नसत. ती थोथ नावाच्या देवाने दिली, अशी त्यांची श्रद्धा. थोथ हा चंद्राचा आणि हिशोबाचा देव. त्याचे धड माणसाचे आणि डोके शराटी पक्ष्याचे. शराटी तुम्ही पाहिलाच असेल. भाताच्या खाचरात आणि तळ्याकाठी विळ्यासारखी वाकडी चोच चिखलात खुपसत हिंडणारा काळ्या डोक्याचा पांढरा पक्षी. इजिप्तचा शराटी त्याचाच जवळचा भाऊबंद. थोथच्या जोडीला सेशात नावाची देवी होती. ती खजुरीच्या फांदीवर खाचा पाडून राजाच्या वर्षांची मोजदाद ठेवी आणि देवळाचा पाया आखताना दोरी ताणी. त्या लिपीला तिकडचे लोक 'देवाचे शब्द' म्हणत.

देवाचे शब्द म्हटल्यावर त्यांत सामर्थ्य आहे असे वाटणे ओघानेच आले. रा हा त्यांचा सूर्यदेव. त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्याची सारी शक्ती त्या नावात होती, अशी एक कथा आहे. इसिस देवीने म्हाताऱ्या झालेल्या रा देवाची जमिनीवर सांडलेली लाळ घेतली, ती मातीत कालवून साप घडवला आणि त्याच्या वाटेवर सोडला. साप चावला. रा वेदनेने तळमळू लागला. नाव सांगितलेस तर विष उतरवते, असे इसिसने बजावले. शेवटी देवाला आपले गुप्त नाव तिला द्यावे लागले. नावाविषयी ही धारणा इतकी पक्की होती, की थडग्यांच्या आतल्या भिंतींवर मजकूर कोरताना साप, सिंह असल्या चिन्हांचे मुद्दाम दोन तुकडे करून ठेवत. चिन्ह जिवंत होऊन मेलेल्या माणसाला इजा करील ही भीती. आपेप हा अंधाराचा महासर्प. त्याचे चित्र काढायची वेळ आली, तर अंगात सुऱ्या खुपसलेलाच काढायचे.

तेव्हा इजिप्तच्या चिन्हांमागे देव-दैवते होती, हे खरे आहे. इंग्रजी अक्षरांची रूपेही बहुतांशी त्या चिन्हांवरूनच निघाली, हेही खरे. पण या दोन्हींच्या मधे एक पायरी आहे आणि ती पायरी गाळली की माणूस सरळ भाकडकथेत जाऊन पडतो.

ती पायरी समजायला आधी हे ध्यानात घ्या, की ही चित्रलिपी महाकठीण होती. भरभराटीच्या काळात रोजच्या वापरातली चिन्हेच सुमारे ७०० होती. एखादे चित्र कधी त्या वस्तूसाठी, कधी नुसत्या उच्चारासाठी, तर कधी शब्दाचा अर्थ पक्का करण्यासाठी. कुदळीचेच पाहा. तिकडे कुदळीच्या चिन्हाचा उच्चार 'म-र' असा आणि 'प्रेम करणे' या शब्दाचा उच्चारही तसाच. म्हणून प्रेम लिहायचे झाले तर कुदळ काढायची! (गृहिणींनी हसू नये. कुदळ हातात धरून उन्हात राबणाऱ्याचे घरावर प्रेम असतेच.) अशी शेकडो चिन्हे घोकायला पोराला कित्येक वर्षे घालावी लागत आणि ती सवड शेतकऱ्याच्या पोराला कोठून? लेखनिकांचा वर्ग वेगळा आणि मानाचा. त्या काळचे एक लिखाण सापडले आहे. दुआ-खेती नावाचा बाप आपल्या पेपी नावाच्या मुलाला होडीतून राजधानीच्या शाळेत घेऊन निघाला आहे आणि वाटेत एकेका धंद्याचे हाल त्याला सांगतो आहे. माळी बिचारा कावड वाहून वाहून मान सुजवून घेतो, कुणब्याच्या हाडांना विसावा नाही, परीट मगरींच्या शेजारी उभा राहून कपडे धुतो. तेव्हा बाळा, लेखनिक हो, त्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही. चार हजार वर्षांपूर्वीचा बाप आणि आज मुलाला तालुक्याच्या शाळेत एस. टी.त बसवून देणारा बाप, दोघांचे बोलणे किती सारखे! बापाच्या 'खेती' या नावाचा आपल्या खेतीशी मात्र काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग आहे. असले योगायोग पुढेही भेटणार आहेत, म्हणून आताच सांगून ठेवतो.

आता सिनाईच्या डोंगरात चला. इजिप्तच्या पूर्वेला सिनाई नावाचा ओसाड, खडकाळ मुलूख आहे. तिथे सराबीत अल-खादिम या ठिकाणी पिरोजा नावाच्या निळ्या-हिरव्या खड्याच्या खाणी होत्या. इजिप्तचे राजे तिकडे गाढवांचे तांडे घालून मोहिमा पाठवत. डोंगरमाथ्यावर हाथोर देवीचे देऊळ होते. हाथोर ही गोमातेच्या रूपातली देवी. कधी पुरी गाय, कधी गाईचे कान असलेली बाई, आणि डोक्यावर दोन शिंगांच्या मधे सूर्याचे बिंब. खाणीच्या मुलखात तिला 'पिरोजाची स्वामिनी' म्हणत. या मोहिमांत इजिप्तच्या लोकांबरोबर कनानची माणसेही असत. कनान म्हणजे आजचा इस्राएल, पॅलेस्टाईन, लेबनॉन हा पट्टा. त्यांची भाषा वेगळी, आजच्या अरबी आणि हिब्रू भाषांच्या गोतातली. इजिप्तचे लोक देवळात देवीला वाहिलेल्या शिळांवर आपली नावे चित्रलिपीत कोरत. ते पाहून या परक्या माणसांनाही वाटले असणार, की देवीपुढे आपलेही नाव असावे. पण ७०० चिन्हे कोण शिकणार?

त्यांनी एक युक्ती काढली आणि ती युक्ती तुमच्या घरात आहे. मुलांची अंकलिपी उघडा. 'घ घराचा', शेजारी घराचे चित्र. 'ब बैलाचा', शेजारी बैल. आता अशी कल्पना करा, की 'घ' हे अक्षर अजून जन्मालाच आलेले नाही, नुसते घराचे चित्र आहे. तुम्ही ठरवलेत, की घराचे चित्र काढले की सबंध घर वाचायचे नाही, फक्त पहिला 'घ' वाचायचा. पाण्याच्या लाटा काढल्या की 'प'. डोळा काढला की 'ड'. झाली लिपी तयार! सातशे चिन्हांच्या जागी पंचवीस-तीस चित्रांत सगळी भाषा मावते, आणि चित्र पाहिले की अक्षर आपोआप आठवते.

त्या खाणकऱ्यांनी नेमके हेच केले. घराला त्यांच्या भाषेत 'बेत' म्हणत, म्हणून घराचे चित्र म्हणजे 'ब'. पाण्याला त्यांच्या भाषेतला शब्द 'म'ने सुरू होई, म्हणून लाटांचे चित्र म्हणजे 'म'. खुद्द इजिप्तच्या लिपीत मात्र घराचे चिन्ह 'प-र' असे वाचत आणि लाटांचे चिन्ह 'न' असे. म्हणजे चित्र इजिप्तचे घेतले, पण उच्चार आपल्या घरातला भरला. कलम बांधताना खुंट दुसऱ्या झाडाचा घेतो आणि डोळा आपल्या पसंतीच्या आंब्याचा घेतो, तसाच हा प्रकार. फळ डोळ्याच्या जातीचे येते, खुंटाच्या नव्हे.

हे उलगडले कसे तेही ऐका. इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यांनी १९०५ साली सराबीतला उत्खनन केले. तिथे त्यांना इजिप्तच्या चित्रांसारखी, पण ओबडधोबड चिन्हे असलेले काही लेख मिळाले. त्यांतला एक वीतभर लांबीच्या दगडी नरसिंहाच्या मूर्तीवर होता, म्हणजे धड सिंहाचे आणि डोके माणसाचे. ती मूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दहा-अकरा वर्षे ही चिन्हे कोणालाच वाचता आली नाहीत. मग १९१६ साली ॲलन गार्डिनर या पंडिताच्या ध्यानात आले, की चार चिन्हे लागोपाठ त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात : एक घर, एक डोळा, एक बैल हाकायची पराणी आणि एक फुली. अंकलिपीच्या रीतीने त्या भाषेतली पहिली अक्षरे घेतली, तर 'बालत' असा शब्द होतो. बालत म्हणजे स्वामिनी! त्याच मूर्तीवर इजिप्तच्या लिपीत 'पिरोजाची स्वामिनी हाथोर' असे कोरलेले होतेच. एका दगडावर एकच देवी दोन लिपींत, एक लिपी राजाच्या लेखनिकांची आणि दुसरी मजुरांची. कुलूप उघडले ते असे.

मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त आवडते ती पराणी. तिला काही भागात तुतारी म्हणतात. बैलाला टोचायची ती काठी त्या भाषेत 'लामेद' आणि तिचे चित्र म्हणजे 'ल'. तेच पुढे इंग्रजी 'एल' झाले. आजही ते अक्षर पाहा, उभी काठी आणि बुडाला वळण. त्या मूळ धातूचा अर्थ हिब्रूत 'शिकणे' असाही होतो. मास्तरांनी छडीचे समर्थन म्हणून हे वाक्य कापून ठेवू नये.

अलीकडे या शोधात भर पडली आहे. १९९०नंतर जॉन आणि डेबोरा डार्नेल या दांपत्याला नाईलच्या पश्चिमेच्या वाळवंटात, लक्सरच्या वायव्येला वादी अल-होल नावाच्या दरीत याच प्रकारचे दोन छोटे लेख मिळाले. ते जुन्या लष्करी वाटेवर आहेत. म्हणून काही विद्वानांच्या मते ही लिपी सैन्यातल्या परदेशी माणसांमध्ये जन्मली असावी. इस्राएलच्या ओर्ली गोल्डवासर या विदुषीचे मत मात्र असे, की सराबीतच्या निरक्षर खाणकऱ्यांनीच ती केली. चित्रलिपी येत असलेल्या शहाण्याला असली सोपी युक्ती सुचलीच नसती, कारण त्याला तिची गरज नव्हती, असे त्या म्हणतात. मला हे म्हणणे पटते. आमच्या खात्यातही मी पाहिले आहे. तुषार संचाची तोटी तुंबली तर पुस्तकातला उपाय एक असतो आणि रानातला गडी सायकलच्या स्पोकने काम भागवतो.

आता बैलाकडे येऊ, कारण घोटाळा त्याच्याचवरून होतो. इजिप्तमध्ये बैलाची पूजा होती. मेम्फिस शहरात आपिस नावाचा जिवंत बैल देवळात पाळत. काळा रंग, कपाळावर पांढरे चांद, शेपटीचे केस दुहेरी, असली लक्षणे पाहून तो निवडत. तो प्ताह देवाचे रूप मानला जाई. मेला की राजासारखा त्याचा देह मसाले भरून जतन करत आणि पुन्हा तशाच लक्षणांचा गोऱ्हा शोधायला माणसे निघत. या बैलांचे प्रचंड भुयारी दफनस्थान साक्काराला आहे. ऑगस्ट मारिएत या फ्रेंच संशोधकाने १८५१ साली ते उघडले. एकेका बैलासाठी एकाच दगडातून कोरलेली कित्येक टनांची पेटी तिथे आहे.

मग 'ए' हे अक्षर म्हणजे आपिस देव का? असे छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पुरावा काय सांगतो? ज्यांनी अक्षर केले ते बैलाला आपल्या भाषेत 'आलेफ' म्हणत आणि म्हणून ते चित्र त्यांनी त्या उच्चाराला लावले. आपिसचे नाव त्या लेखांत नाही. 'बी' म्हणजे देऊळ नव्हे, साधे घर. 'एम' म्हणजे सृष्टीच्या आधीचा महासागर नव्हे, ज्याच्यावाचून सिनाईत घसा कोरडा पडत होता ते पाणी. 'ओ' हा डोळा खरा, पण होरस देवाचा डोळा नव्हे. 'आयिन' म्हणजे नुसता डोळा, पापण्या पुढे गळून गेल्या आणि गोल राहिला. देवी त्या अक्षरांनी लिहिली गेली, पण अक्षरांच्या पोटात देवी नव्हती.

हा फरक एवढा घासून का सांगतो, त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका आठवडी बाजारात एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते. मागे कापडावर पिरॅमिड, डोळा, शिंगे असली रंगीत चित्रे आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे. नावातली अक्षरे पाहून भविष्य सांगायचे आणि मग अक्षर वाढवायला लावायचे. एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याला त्यांनी सांगितले, की 'ए' म्हणजे इजिप्तचा नंदी, तो नावात एकटा पडला आहे, जोडी पुरी करा म्हणजे बाग तोट्यात जायची नाही. दक्षिणा २,१०० रुपये. त्या भल्या माणसाने खटपट करून आधार कार्डावर आपल्या नावात एक जादा 'ए' घालून घेतला. बँकेच्या पासबुकावर स्पेलिंग जुनेच राहिले. पुढे अनुदानाचे पैसे यायची वेळ आली तेव्हा नाव जुळेना. खरिपाचा हप्ता अडकला. कागदांची पिशवी घेऊन तो माझ्याकडे आला, मग बँक, सेतू केंद्र आणि पुन्हा बँक. नाव पूर्ववत होऊन पैसे जमा व्हायला दिवाळी उलटून गेली. बागेला त्या दिवसांत जे खत द्यायचे होते ते उधारीवर आणावे लागले आणि दुकानदाराने व्याज लावले ते वेगळेच. बाजारातले ते गृहस्थ पुढच्या आठवड्यापासून दिसले नाहीत.

नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्ड, पासबुक आणि शेतकरी नोंदणी या तिन्ही ठिकाणी एक असावे, एवढीच त्या अक्षरांची आजची करामत आहे. मुलाचे नाव शाळेत घालतानाच स्पेलिंग घरात एका कागदावर लिहून ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच द्या.

बाकीच्या अक्षरांची वंशावळ थोडक्यात सांगतो, मुलांना विचारायला बरी. 'डी' म्हणजे दार. ग्रीक लोकांनी त्याचा त्रिकोण केला आणि त्याला 'डेल्टा' म्हटले. नाईलच्या मुखाचा प्रदेश तसाच तिकोनी, म्हणून त्याला डेल्टा नाव पडले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला त्रिभुज प्रदेश तो हाच. 'ई' हा हात वर करून ओरडणारा माणूस आहे. आज हात आडवे झाले आहेत एवढेच. 'एच' म्हणजे कुंपण असे मानतात आणि दोन खांब व मधली आडवी फळी पाहता ते पटतेही. 'आय' हा हात, 'के' हा तळहात. 'एन' हा साप, अजून नागमोडी आहे. 'आर' हे माणसाचे डोके. 'टी' म्हणजे फुली, नुसती खूण. आणि एक खुंटी होती, 'वाव' नावाची. तिच्यापासून काळाच्या ओघात 'एफ', 'यू', 'व्ही', 'डब्ल्यू' आणि 'वाय' अशी पाच अक्षरे झाली. एका खुंटाला पाच फुटवे!

या चित्रांची सुटसुटीत रेघांची अक्षरे केली ती लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी. बावीस अक्षरे, सगळी व्यंजने. त्यांच्याकडून सुमारे २,८०० वर्षांपूर्वी ग्रीकांनी ती घेतली. आलेफचा घशातला उच्चार ग्रीकांच्या भाषेत नव्हता, म्हणून त्यांनी बैलाला 'आ' या स्वराच्या कामाला जुंपले. आलेफचे झाले 'आल्फा', बेतचे 'बीटा' आणि दोन्ही मिळून इंग्रजी 'आल्फाबेट'. म्हणजे या शब्दाचा मुळातला अर्थ 'बैल-घर' असा आहे.

ग्रीकांची आणखी एक गंमत तुम्हाला जेवढी कळेल तेवढी शहरातल्या माणसाला कळायची नाही. सुरुवातीच्या काळात ते एक ओळ डावीकडून उजवीकडे लिहीत, टोकाला पोचले की तिथेच वळत आणि दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे लिहीत. अक्षरांची तोंडेही ओळीबरोबर फिरत. या पद्धतीला त्यांनी नाव दिले 'बूस्त्रोफेदोन', म्हणजे बैल वळतो तसे. औताचे एक तास झाले की बांधाशी बैल वळवून दुसरे तास धरतो, अगदी तसेच. रिकामे औत पुन्हा पहिल्या टोकाला आणून नांगरायला लागेल असा शहाणा कोण आहे? क्रीट बेटावर गॉर्टिन इथे दगडी भिंतीवर कोरलेला जुना कायदा या रीतीने लिहिलेला आजही उभा आहे. त्यात वारसाहक्क आणि वाटणीचे नियम आहेत. जमिनीची वाटणी आणि नांगराच्या वळणाची लिपी, दोन्ही एकाच भिंतीवर. ग्रीकांकडून इटलीच्या एट्रुस्कनांकडे, तिथून रोमच्या लोकांकडे आणि रोममार्गे साऱ्या युरोपात ही अक्षरे गेली.

त्यांची दुसरी शाखा आपल्या गावापर्यंत आली आहे. उर्दू शाळेत मुले 'अलिफ, बे' म्हणतात तो अलिफ म्हणजे तोच आलेफ बैल आणि बे म्हणजे तेच घर. काफ हा तळहात, लाम ही पराणी, मीम हे पाणी. 'ऐन' हे अक्षर म्हणजे डोळा आणि हा अरबी शब्द तर आपल्या मराठीत रोज बोलला जातो. ऐन सुगीत, ऐन वेळी, ऐन पावसात असे आपण म्हणतो तेव्हा तोच 'ऐन' तोंडात असतो. कोकणात पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल लोक, ज्यांना शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथांची अक्षरेही त्याच वंशातली.

आणि आपली देवनागरी? ती ब्राह्मी लिपीपासून आली. ब्राह्मी कोठून आली यावर एकमत नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर यांनी गेल्या शतकाच्याही आधी, १८९५ साली, ती या पश्चिमेकडच्या लिपीपासून निघाली असे मांडले. आज अनेक विद्वान तिची अक्षररूपे अरामी लिपीवरून आली असे मानतात. ती इथेच जन्मली असे मानणारेही आहेत. तिची मांडणी मात्र आपली स्वतःची. कंठ, तालू, दात, ओठ अशा उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेली वर्णमाला बैल-घर-दार या यादीपेक्षा कितीतरी शास्त्रशुद्ध आहे. ब्राह्मी पाहायची असेल तर जुन्नरजवळ नाणेघाटात जा. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांत दान दिलेल्या हजारो गाईंची नोंद आहे.

शेवटी घरातल्या बायाबापड्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. या बैल-घर लिपीतले सर्वांत जुने सबंध वाक्य कोणते, तर ते ना राजाचे आहे ना देवाचे. इस्राएलात लाखीश या जुन्या शहराच्या जागी २०१६ साली हस्तिदंताची एक फणी सापडली. जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची, काड्यापेटीहून लहान. तिच्यावरची पुसट अक्षरे नंतर कोणाच्या तरी ध्यानात आली आणि २०२२ साली त्यांचे वाचन छापून आले. सतरा अक्षरे, सात शब्द, वय सुमारे ३,७०० वर्षे. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. संशोधकांनी फणीचे दात सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा एका दातापाशी उवेचा अवशेषही मिळाला.